टेबलाच्या आतल्या बाजूने: मिशिगनची २०२२ ची निवडणूक

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मतदान केंद्रावर काम करायचं असेल तर अर्जात आपला पक्ष लिहावा लागतो. डेमोक्रॅटिक की रिपब्लिकन, सरळ लिहायचं. २०२२ च्या उन्हाळ्याआधी मी शहराच्या क्लार्कच्या, म्हणजे निवडणूक घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयातून तो अर्ज आणला आणि त्या रकान्यापाशीच अडले. माझी आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत तिला ड्युटी लागायची, आणि ड्युटीवरच्या माणसाला पक्ष नसतो, निदान तो ओठांवर येता कामा नये, हे आमच्या घरात न सांगता पाळलं जायचं. इथे मात्र तोच आधी विचारतात.

कारण प्रशिक्षणात कळलं. प्रत्येक केंद्रावर किमान तीन माणसं लागतात आणि त्यांत दोन्ही मोठ्या पक्षांचं किमान एकेक हवंच. मतपत्रिकांची पेटी सील करायची असो, मदत मागणाऱ्या मतदारासोबत पडद्यामागे जायचं असो किंवा रात्री निकाल क्लार्ककडे पोचवायचा असो, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या माणसांनी ते मिळून करायचं. तटस्थ माणूस शोधत बसायचं नाही. एकमेकांवर लक्ष ठेवण्याचं कारण असलेली दोन माणसं शेजारी बसवायची आणि सही दोघांची घ्यायची. मला हे फार पटलं. मी तो रकाना भरला. काय लिहिलं ते इथे सांगत नाही, कारण केंद्राबाहेर त्याचा उपयोगही नाही.

अर्ज करायला निमित्त २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचं होतं. तेव्हा मी नागरिक नव्हते, ग्रीन कार्डावर होते. डेट्रॉइटच्या टीसीएफ सेंटरमध्ये टपालाने आलेल्या मतांची मोजणी चालू असताना बाहेर जमलेला जमाव काचा बडवतोय, ही दृश्यं मी घरी बसून पाहिली. आत टेबलांशी बसलेल्या बायका-माणसांकडे मी बघत होते. बायडन राज्यात सुमारे १,५४,००० मतांनी पुढे होते, तरी डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येतं तिच्या, निकाल तपासून शिक्कामोर्तब करणाऱ्या चार सदस्यांच्या कॅनव्हासिंग बोर्डात निकालावर आधी दोन विरुद्ध दोन अशी कोंडी झाली आणि ती त्याच रात्री सुटली. पुढे २०२१ च्या जूनमध्ये रिपब्लिकन बहुमताच्या राज्य सिनेटच्या समितीनेच व्यापक गैरप्रकाराचा पुरावा नसल्याचा अहवाल दिला. पण तोवर आमच्या ऑफिसातल्या, शिकल्यासवरल्या लोकांच्याही मनात काहीतरी बसून गेलं होतं. नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा मी ठरवलं की नुसतं मत देऊन थांबायचं नाही, हे काम आतून करून बघायचं.

भारतातून आलेल्या माणसाला एक गोष्ट समजायला वेळ लागतो. इथे निवडणूक आयोग नाही. राज्याची सेक्रेटरी ऑफ स्टेट नियम ठरवते, काउंटीचे क्लार्क मतपत्रिका छापून घेतात, पण प्रत्यक्ष निवडणूक घेतात ते शहरांचे आणि टाउनशिपचे क्लार्क. असे क्लार्क मिशिगनभर सुमारे दीड हजार आहेत. सेक्रेटरी ऑफ स्टेट स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून येते. २०२२ मध्ये जोसेलिन बेन्सन पुन्हा उभ्या होत्या, आणि त्यांच्याविरुद्धच्या क्रिस्टिना करामो २०२० चा निकालच खोटा आहे असं सांगत प्रचार करत होत्या. म्हणजे निवडणूक कशी घ्यावी हाच त्या निवडणुकीतला एक मुद्दा होता. दीड हजार ठिकाणी वाटलेलं काम कुणा एकाला फिरवता येणार नाही, असं आमची ट्रेनर म्हणाली. ते खरं आहे, पण प्रत्येक ठिकाणी ते नीट व्हावं लागतं हेही तितकंच खरं.

आधी २ ऑगस्टची प्रायमरी झाली. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडायचा. मिशिगनमध्ये मतदारनोंदणीत पक्ष नसतो, म्हणून एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे रकाने येतात आणि मतदाराने त्यातला कुठलातरी एकच वापरायचा. दोन्हीकडे खुणा केल्या तर पक्षीय भागातली सगळी मतं बाद. यंत्र तो कागद बाहेर ढकलतं आणि मग आम्ही नवी मतपत्रिका देऊ का, असं विचारतो. त्या दिवशी हे किती वेळा झालं! 'मला गव्हर्नरसाठी या पक्षातला बरा माणूस हवाय आणि काँग्रेससाठी त्या पक्षातली बाई, त्यात चूक काय?' असं एका आजोबांनी अगदी कळवळून विचारलं. (गव्हर्नर म्हणजे इथे राज्याचा निवडून आलेला प्रमुख, आणि काँग्रेस म्हणजे देशाची संसद.) माझ्याकडे उत्तर नव्हतं, नियम होता. त्यांचा कागद मी रद्द म्हणून पाकिटात घातला आणि दुसरा दिला. त्यांनी कुठला रकाना वापरला ते मला कळलं नाही आणि कुठल्याही नोंदीत ते राहत नाही.

त्या प्रायमरीआधीच एक मोठी गोष्ट घडून गेली होती. गव्हर्नरपदासाठी उभं राहायला १५,००० वैध सह्या लागतात. पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या काही लोकांनी घाऊक खोट्या सह्या केल्याचं छाननीत उघड झालं आणि रिपब्लिकन पक्षाचे पाच उमेदवार बाद ठरले. त्यांत डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेगही होते. उरलेल्यांतून ट्युडर डिक्सन निवडून आल्या आणि नोव्हेंबरात त्यांची लढत गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांच्याशी ठरली. दोन्ही बाजूंना स्त्रिया, हे नोव्हेंबरात आमच्या टेबलावर सगळ्यांना आवडलेलं दिसलं.

प्रायमरीच्याच रात्री पुण्याहून आणि बेळगावहून फोन सुरू झाले. 'ठाणेदारांना मत दिलंस ना?' बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले होते. तो मतदारसंघ त्या पक्षाचा बालेकिल्लाच, त्यामुळे काँग्रेसमध्ये ते जाणार हे त्याच रात्री जवळपास पक्कं झालं होतं. मी ओकलंड काउंटीत राहते, आमचा मतदारसंघ ११ वा. मला त्यांना मत देताच येत नव्हतं, हे मावशीला समजावायला बराच वेळ गेला. १९७९ मध्ये शिकायला आलेला मराठी माणूस काँग्रेसमध्ये बसणार याचा मला आनंद झाला, मनापासून झाला. पण डेट्रॉइटमध्ये राहणारी माझी ऑफिसमधली मैत्रीण दुसऱ्या दिवशी गप्प होती. नऊ उमेदवार रिंगणात होते, मतं विभागली गेली, आणि ठाणेदार तीस टक्क्यांच्याही आत राहून पहिले आले. प्रचारात त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले होते. १९५५ पासून डेट्रॉइटने काँग्रेसमध्ये सतत निदान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी पाठवला होता, ती परंपरा त्या रात्री तुटली. आपल्या माणसाच्या यशाचा आनंद आणि तिचं दुःख, दोन्ही मी एकाच वेळी खरं मानलं. आजही मानते.

यात मतदारसंघांच्या नव्या नकाशाचाही हात होता. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या काँग्रेसच्या जागा १४ वरून १३ झाल्या, आणि या वेळी नकाशा आमदारांनी आखला नाही. २०१८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून ते काम तेरा सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे दिलं होतं. अर्ज केलेल्यांतून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड झाली: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. मला ही कल्पना फार मोठी वाटते. तरी तीही निर्दोष नाही. डेट्रॉइटचे भाग उपनगरांना जोडताना वंशाचाच आधार घेतला गेला असं म्हणत फेडरल न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात राज्य विधिमंडळाचे तेरा मतदारसंघ नव्याने आखायला लावले.

नोव्हेंबरची मतपत्रिका हातात आली तेव्हा तिची लांबी बघून मी थक्क झाले. दोन्ही बाजूंनी भरलेली. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांची जोडी, सेक्रेटरी ऑफ स्टेट, ॲटर्नी जनरल, काँग्रेस, राज्य सिनेट, राज्य प्रतिनिधिगृह. मग राज्य शिक्षण मंडळ. मग मिशिगन विद्यापीठाचे रीजंट, मिशिगन स्टेट विद्यापीठाचे विश्वस्त, वेन स्टेट विद्यापीठाचे गव्हर्नर, तेही पक्षाच्या तिकिटावर आणि राज्यभरच्या मतांनी! विद्यापीठाचा कारभार कोण पाहणार हे शेतकऱ्यापासून नर्सपर्यंत सगळे मिळून ठरवतात. मग काउंटी कमिशनर, मग न्यायाधीश. सर्वोच्च न्यायालयाचे उमेदवार पक्षांच्या अधिवेशनात ठरतात, पण मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत. ही सोय मला अजूनही पटलेली नाही. मतदाराला माहिती कमीच मिळते. शेवटी शाळा मंडळ आणि राज्याचे तीन प्रस्ताव.

वरच्या कोपऱ्यात प्रत्येक पक्षासाठी एक गोल असतो. तो भरला की पक्षीय भागातली सगळी मतं एका झटक्यात त्या पक्षाला जातात. पुष्कळजण तो एक गोल भरून यंत्राकडे निघतात. न्यायाधीश, शाळा मंडळ आणि प्रस्ताव त्यात येत नाहीत. कुणाला मत द्या हे आम्ही सांगू शकत नाही, पण 'कागद उलटून बघा, मागेही आहे' हे सांगू शकतो. मी ते वाक्य दिवसभर प्रत्येकाला म्हटलं.

त्या वर्षी मागच्या बाजूलाच सगळ्यात जड गोष्ट होती. २४ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा रो विरुद्ध वेड निकाल रद्द केला होता, आणि मिशिगनमध्ये गर्भपातबंदीचा १९३१ चा कायदा अजून पुस्तकात होता, न्यायालयाच्या स्थगितीने थांबलेला. तिसरा प्रस्ताव गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत लिहिण्याचा होता. त्यासाठी सव्वाचार लाख सह्या पुरेशा होत्या, गोळा झाल्या साडेसात लाखांवर. तरीही राज्याच्या कॅनव्हासिंग बोर्डात ३१ ऑगस्टला दोन विरुद्ध दोन झालं. हरकत अशी की छापील मसुद्यात शब्दांमधल्या जागा नीट सुटलेल्या नाहीत! ८ सप्टेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रस्ताव मतपत्रिकेवर घ्यायला लावला. एक तरुण मुलगी कागद घेऊन माझ्याकडे आली, 'हो म्हटलं तर नक्की काय होतं?' प्रस्तावाचा मजकूर शंभर शब्दांत बसवावा लागतो आणि आम्हाला त्याचा अर्थ सांगायची मनाई आहे. मी एवढंच म्हणाले, 'घाई नाही, तिथे बसून पुन्हा वाच. रांग थांबेल.' ती बराच वेळ वाचत बसली होती.

८ नोव्हेंबर. आम्ही सहाच्या आधी पोचलो. त्या पहाटे खग्रास चंद्रग्रहण होतं, आणि चर्चच्या पार्किंगमध्ये भेटलेल्या सगळ्यांच्या तोंडी पहिलं वाक्य तेच. आत गेल्यावर हात वर करून शपथ. मग यंत्राच्या सीलचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा, यंत्र सुरू करून शून्याची पट्टी काढायची: प्रत्येक उमेदवारापुढे शून्य. ती सगळ्यांनी वाचायची आणि खाली सह्या करायच्या. आईच्या केंद्रावर पोलिंग एजंटांसमोर मॉक पोल होऊन यंत्र पुन्हा शून्यावर आणतात, त्याचंच हे भावंड. फरक इतकाच की इथे मत कागदावर असतं, शाईच्या पेनने भरलेलं, आणि यंत्र तो कागद वाचून खालच्या पेटीत टाकतं. वाद झाला तर कागद आहेत.

सात वाजता दार उघडलं. मतदार अर्ज भरतो, फोटोचं ओळखपत्र दाखवतो. नसेल तर तशा प्रतिज्ञापत्रावर सही करून तो मत देऊ शकतो. मी लॅपटॉपवरच्या मतदार-पुस्तकात नाव शोधायचे, त्यापुढे मतपत्रिकेचा क्रमांक टाकायचे आणि कागद जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून द्यायचे. यंत्रापाशी उभा असलेला आमचा दुसरा माणूस क्रमांक जुळतो का ते पाहून वरची क्रमांकाची चिठ्ठी फाडून घ्यायचा. चिठ्ठी गेली की कागद कुणाचा हे कुणालाच कळणार नाही. सगळ्यात जास्त वेळ जात होता तो टपाली मतपत्रिका मागवून मग केंद्रावर आलेल्यांत. ती आणली असेल तर परत घ्यायची, हरवली असेल तर तसं लिहून घ्यायचं, क्लार्कला फोन करायचा. लोक वैतागतात. पण त्याच माणसाचं मत दोनदा पडू नये यासाठी ते आहे, हे शांतपणे सांगितलं की बहुतेकजण थांबतात.

दोन्ही पक्षांनी नेमलेले चॅलेंजर, म्हणजे कामावर नजर ठेवून हरकत घेऊ शकणारी माणसं, आमच्या मागे खुर्च्या टाकून बसले होते. त्यातल्या एका गृहस्थांनी सकाळी बारीकसारीक प्रश्न विचारले. शून्याची पट्टी कुठे आहे, सील कुणी लावलं, चिठ्ठी का फाडता. आमच्या अध्यक्षबाईंनी प्रत्येक प्रश्नाला उठून, कागद दाखवून उत्तर दिलं. दुपारनंतर त्यांचे प्रश्न कमी झाले आणि संध्याकाळी ते स्वतःच शेजारच्याला सांगत होते की चिठ्ठी का फाडतात. मला त्या दिवसातलं हे सर्वांत मोलाचं वाटलं. शंका घेणाऱ्याला बाहेर काचेपाशी ठेवण्यापेक्षा आत खुर्ची दिलेली कधीही बरी.

दुपारी एक आजी नातीबरोबर आल्या. आडनाव वाचून मी मराठीत 'या' म्हटलं, तर त्यांचा चेहरा उजळला. नुकत्याच नागरिक झालेल्या, पहिलंच मत. कागद यंत्रात गेल्यावर त्या परत माझ्या टेबलापाशी आल्या आणि डावा हात पुढे केला. 'अगं, शाई?' मी म्हटलं, 'आजी, इथे शाई नाही लावत. तुमचं नाव पुस्तकात लागलं, तेवढं पुरतं.' त्यांना ते फारसं रुचलं नाही. 'मग लोकांना कळणार कसं मी मत दिलं ते?' नातीने त्यांच्या कोटावर 'आय व्होटेड'चं स्टिकर लावलं, तेव्हा कुठे समाधान झालं. शेजारी बसलेल्या माझ्या विरुद्ध पक्षाच्या सहकारी बाईंना मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं, कारण टेबलावर काय बोललं गेलं ते दुसऱ्या पक्षाला कळलंच पाहिजे असं मला वाटत होतं.

आठ वाजता जे रांगेत असतात त्या सगळ्यांना मत देता येतं. आमच्याकडे रांग लवकर संपली. ॲन आर्बरमध्ये त्याच दिवशी नावनोंदणी करून मत देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या रांगा मध्यरात्र उलटेपर्यंत चालल्या. हा त्याच दिवशीच्या नोंदणीचा हक्कही २०१८ च्या घटनादुरुस्तीतून आलेला.

मग खरं काम. मतदार-पुस्तकातला आकडा आणि यंत्रातला आकडा. दोन्ही एक असले पाहिजेत. आमच्याकडे एकाचा फरक आला. कुणी श्वास सोडला नाही की आवाज चढवला नाही. अध्यक्षबाईंनी नोंदींचं पान काढलं. दुपारी एक माणूस मतपत्रिका घेऊन, ती यंत्रात न घालता, फोनवर बोलत निघून गेला होता. तेव्हाच, त्याच मिनिटाला, वेळ आणि मतपत्रिकेचा क्रमांक लिहून दोघांनी सह्या केल्या होत्या. फरकाचं कारण कागदावर होतं. हे किती महत्त्वाचं ते मला त्याआधी नीट कळलेलं नव्हतं. २०१६ मध्ये अध्यक्षपदाची फेरमोजणी सुरू झाली तेव्हा डेट्रॉइटमधल्या कितीतरी केंद्रांची मतं पुन्हा मोजताच येईनात, कारण त्या वेळच्या कायद्याप्रमाणे आकडे जुळत नसतील आणि खुलासा नसेल तर फेरमोजणी नाही. २०२० मध्ये वेन काउंटीच्या बोर्डात जी कोंडी झाली तीही अशाच एका-दोनाच्या फरकांवर बोट ठेवून. एका माणसाने फोनवर बोलत निघून जाणं आणि टीव्हीवर 'आकडे जुळत नाहीत' अशी पट्टी येणं यांत अंतर असतं ते एका ओळीच्या नोंदीचं.

पेटी सील केली, क्रमांक लिहिला, दोघींनी सह्या केल्या. मग मी आणि माझ्या विरुद्ध पक्षाच्या त्या बाई, एकाच गाडीतून, पेटी आणि निकालाची पट्टी घेऊन क्लार्कच्या कार्यालयात गेलो. वाटेत आम्ही तिच्या मुलाच्या हॉकीबद्दल बोललो. तिथे सील पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा आमचं काम सुटलं.

पुढचे निकाल सर्वांना माहीत आहेत. व्हिटमर दहा टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकल्या, बेन्सनही. तिन्ही प्रस्ताव मंजूर झाले, गर्भपाताचा सुमारे ५७ टक्क्यांनी. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं जवळजवळ चाळीस वर्षांनी डेमोक्रॅटांकडे आली. काँग्रेसच्या तेरा जागांत सात डेमोक्रॅट, सहा रिपब्लिकन. शेजारच्या १० व्या मतदारसंघात जॉन जेम्स फक्त सुमारे १,६०० मतांनी जिंकले. सव्वातीन लाखांच्या आसपास मतांत एवढाच फरक. तिथल्या प्रत्येक केंद्रावर कुणीतरी आमच्यासारखं आकडे जुळवत बसलं असेल.

आमच्या काउंटीच्या कॅनव्हासिंग बोर्डाची बैठक लोकांना खुली असते, म्हणून मी एक दुपार तिथे जाऊन बसले. दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन, आणि त्यांच्या पुढे केंद्रांचे कागद. आमच्या केंद्राची पाळी मी असताना आली की नाही हे महत्त्वाचं नाही. जी आली त्यांत एकाचा फरक, नोंद बघितली, खुलासा आहे, पुढे, असं चाललेलं मी पाहिलं. काम रटाळ दिसतं. तसंच दिसायला हवं.

दुसऱ्या प्रस्तावामुळे आता राज्यभरच्या प्रत्येक निवडणुकीआधी नऊ दिवस केंद्रावर लवकर मतदान करता येतं, त्यामुळे माणसं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लागतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही घेतात. मी आमच्या ओळखीच्या मराठी घरांत अर्ज नेऊन दिले. २०२४ साठी एका घरातून नवराबायकोचे दोन अर्ज गेले, पक्षाच्या रकान्यात दोघांनी वेगवेगळं लिहिलेले, आणि क्लार्कच्या कार्यालयातून सगळ्यांत आधी फोन आला तो त्यांनाच.